बॅटरी आडवी करायची नाही

नंदुरबारच्या एसटी स्टँडवर पहाटे साडेपाचला मित्र मला घ्यायला आला, तेव्हा त्याच्या पायाशी सुतळीने आवळलेलं एक खोकं होतं. सोलरची बॅटरी, बावीस किलोची. गावाकडची जुनी बॅटरी पावसाळ्यात बसली होती आणि आईवडील तीन महिने दिवा नसलेल्या घरात राहत होते. नवी बॅटरी घेतली, पण ती पाड्यापर्यंत पोचवायला कुणी तयार होईना. म्हणून हा स्वतः घेऊन निघाला होता.

"उचलायला जड नाही रे," तो म्हणाला. "फक्त आडवी करायची नाही. ॲसिड सांडतं."

पुढचे चौदा तास हे वाक्य आम्ही एकमेकांना किती वेळा ऐकवलं याचा हिशेब नाही.

आम्ही दोघं नाशिकच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तो पावरा आदिवासी. घर नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या काठावर. दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही बाकीचे रात्रीची गाडी धरायचो आणि सकाळचा चहा घरी प्यायचो. तो तिसऱ्या दिवशी पोचायचा. एकाच राज्यात, एकाच विद्यापीठात शिकणाऱ्या माणसाला घरी जायला तीन दिवस का लागतात, हे त्या तीन वर्षांत मी त्याला एकदाही नीट विचारलं नाही. आता तो शहाद्याकडे शाळेत शिकवतो. या वर्षी त्याचा फोन आला, "भगर निघेल आता. नवी भगर खायला ये." अट एकच, पाड्याचं नाव छापायचं नाही. गावातल्या माणसांना पुढे तालुक्याला जाऊन कामं करून घ्यायची असतात, हे त्याने दिलेलं कारण मला पटलं.

तळोद्यापर्यंतचा प्रवास सोपा होता. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली, केळी-पपईचे मळे मागे पडले. बॅटरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली, दोन गोण्यांच्या मध्ये घट्ट बसवली होती. तळोद्यात त्याच्या काकांकडे चहाला थांबलो. हे काका सरदार सरोवराच्या बुडितात जमीन गेल्यावर इकडे आले. सोमावल, रोझवा अशा पुनर्वसनाच्या वसाहती याच तालुक्यात, तळोद्याच्या मोकळ्या केलेल्या जंगलजमिनीवर वसल्या. काकांच्या दारात डांबरी रस्ता आहे, घरात मीटर आहे. मी त्यांना विचारलं, इथे बरं वाटतं का? ते थोडं थांबून म्हणाले, "रस्ता चांगला आहे भाऊ. नदी नाही." काकूंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या आणि भावाला द्यायला म्हणून तंबाखूची पुडी.

तिथून पुढे चांदसैलीचा घाट. कोठारपासून रस्ता चढायला लागतो आणि सातपुडा अंगावर येतो. घाटात दरड आली होती, मोठ्या गाड्या शहाद्याकडून वळसा घेऊन जात होत्या. आम्हाला मिळाली ती एक जुनी जीप. नऊ माणसांची गाडी. मी मोजली तेव्हा आत एकवीस होती, टपावर आणखी सहा-सात, मागच्या शिडीवर दोन तरुण. बॅटरी टपावर ठेवायची सोय नव्हती, कारण टपावर सगळंच आडवं होतं. ती माझ्या मांडीवर आली.

ज्याने असा प्रवास केला नाही त्याला तो सांगणं अवघड आहे. गुडघे समोरच्या बाकावरच्या माणसाच्या गुडघ्यांत अडकलेले. उजव्या पायावर कुणाच्या तरी कोंबड्यांची टोपली. डाव्या बाजूला एक बाई, तिच्या कडेवरचं पोर प्रत्येक वळणाला उलटी करत होतं आणि ती पदरानेच त्याचं तोंड पुसत होती. बॅटरीची कड मांडीत रुतत गेली. पहिला अर्धा तास दुखत होतं, नंतर मांडी बधिर झाली आणि काहीच कळेना. वळण आलं की मी दोन्ही हातांनी खोकं पोटाशी धरायचो, आणि समोर बसलेला अनोळखी म्हातारा, न विचारता, पलीकडून हात लावायचा. तासभर त्याने तो हात काढला नाही. उतरताना मी त्याला काही बोलणार तोवर तो खाली उतरून रानात शिरलासुद्धा होता.

दरड पडलेल्या ठिकाणी सगळ्यांना उतरवलं. गाडी रिकामी करून कडेकडेने काढली, आम्ही चिखलातून चालत पलीकडे गेलो. उजवीकडे दरी ढगांनी भरलेली. इथेच २०२१ च्या सप्टेंबरात रस्ता बंद झाला होता आणि चांदसैली गावातला एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या दिशेने चालत निघाला होता. ती वाटेतच गेली. ही बातमी राज्यभर छापून आली होती, मीही पुण्यात वाचली होती. ती वाचताना माझ्या डोळ्यांसमोर घाटाचं जे चित्र होतं त्यात चढ नव्हता, हा चिखल नव्हता, पाठीवरच्या माणसाचं वजनही नव्हतं.

याच डोंगरांत अस्तंबा आहे. १३२५ मीटर उंचीचं शिखर, अश्वत्थाम्याचं ठाणं. धनत्रयोदशीच्या सुमारास खानदेशातून आणि गुजरातेतून हजारो भाविक रात्रभर चढून तिथे जातात. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा या रानात भेटतो, अशी श्रद्धा आहे. मित्र लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून या यात्रेला गेलेला. तो म्हणाला, "यात्रेची माणसं दिसली की आम्हाला बरं वाटायचं. वर्षातून एकदा तरी आमच्या वाटेने कुणीतरी बाहेरचं चालतं."

धडगावला पोचायला दुपारचा एक वाजला. तालुक्याचं नाव अक्राणी, ठाणं धडगाव. उन्हाळ्यात इथे आमचुराचा मोठा बाजार भरतो. घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आणलेली आमचुराची पोती इथून बाहेर जातात. मित्राच्या आईने आयुष्यभर कैऱ्या चिरल्या, तिच्या उजव्या अंगठ्यावर त्याचा घट्टा आहे. माल डोक्यावरून आणि होडीतून इथवर आणेपर्यंत विकणाऱ्याची ताकद संपलेली असते. परत नेणं शक्य नसतं, म्हणून मिळेल तो भाव घ्यायचा. रस्ता नसल्याची किंमत अशी प्रत्येक पोत्यामागे मोजावी लागते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथे दर शंभरात ६९ जण आदिवासी आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वात खाली. हे आकडे भाषणांत नेहमी येतात, आणि ते ऐकताना ऐकणाऱ्याला दोष माणसांचा वाटतो. माझ्या मित्राच्या पाड्यातून सातवीनंतर शिकायचं म्हणजे घर सोडायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलाने होडी, डोंगर, जीप पार करून वसतिगृहात जायचं आणि पाऊस लागला की चार महिने आईला बघायचं नाही. त्याच्या वर्गातल्या सोळा मुलांपैकी दोघं दहावी झाले. मला त्या चौदा जणांचं आश्चर्य वाटत नाही, या दोघांचं वाटतं.

धडगावहून पिकअप. मागच्या हौद्यात उभं राहायचं, वरच्या लोखंडी दांडीला धरायचं. बॅटरी दोघांच्या पायांमध्ये. रस्ता काही ठिकाणी नवा, काळाभोर, गुळगुळीत. मग एकाएकी संपायचा आणि खडी सुरू व्हायची. उतारावर ज्वारी, मका, मधेच पिवळी पडत चाललेली भगर. एका वळणावर मित्राने डोंगरापलीकडे हात केला. "बिलगाव त्या अंगाला."

बिलगावची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने बांध घातला, केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी यंत्र बसवलं आणि जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प सुरू झाला. पाड्या-पाड्यांत दिवे लागले, शाळेत दिवा लागला. 'स्वदेस' चित्रपटात गाव स्वतःची वीज तयार करतं, त्या कथेमागे या कामाची प्रेरणा होती. चित्रपट २००४ च्या डिसेंबरात आला. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि तो प्रकल्प बुडाला. तेव्हा मित्र कॉलेजात होता. तो म्हणतो, बिलगावचे दिवे गेले तेव्हा त्याच्या वडिलांना स्वतःचं शेत गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. शेत सरकारचं धरण घेणार हे त्यांना माहीत होतं. दिवा लोकांनी आपल्या हाताने लावलेला होता.

दुपार कलताना भूषाला पोचलो आणि पाणी दिसलं.

नदी म्हणावी असं ते दिसत नाही. डोंगरांच्या मध्ये पसरलेलं, हिरवट, हलत नसलेलं पाणी. पाण्यातून वर आलेले वाळक्या झाडांचे शेंडे. टेकड्यांची बेटं झालेली. १९६१ मध्ये पायाभरणी झालेल्या धरणाची उंची आज १३८.६८ मीटर आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा त्या पूर्ण उंचीला पोचलं. महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात आली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात वाटपाचं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं, त्यातलं पाव दशलक्ष महाराष्ट्राला. विजेत मात्र आपला वाटा २७ टक्के. धरणाची वीजक्षमता १४५० मेगावॉट. काठावर खोक्याशेजारी उभा राहून मी हे आकडे मनात जुळवत होतो. या पाण्यातून निघालेल्या विजेने पुण्यातल्या माझ्या घरातला पंखाही कधीतरी फिरला असेल. ज्यांच्या वावरांवर हे पाणी उभं आहे त्यांच्यासाठी आम्ही दुकानातून विकत घेतलेला उजेड हाताने वाहून नेत होतो.

होडी डिझेल इंजिनाची. वीसेक माणसं, तीन बकऱ्या, पिठाच्या गोण्या, एक सायकल. जॅकेट कुणाच्याच अंगात नव्हतं. २०१९ च्या संक्रांतीला याच भूषाजवळ होडी उलटून लहान मुलांसह काही माणसं बुडाली होती. त्या दिवशी माणसं नर्मदेची पूजा करायला निघाली होती. होडीत बसल्यावर मित्र काही बोलला नाही, मीही नाही. बॅटरी बरोबर मधोमध, बुडाशी ठेवली, कारण एका बाजूला वजन गेलं तर सगळ्यांनाच धोका. मधे वारा सुटला, पाणी कडेवरून आत यायला लागलं आणि एक बाई पत्र्याच्या डब्याने ते शांतपणे बाहेर टाकत राहिली. माझी बोटं फळीला इतकी आवळली होती की किनाऱ्याला लागल्यावर ती उघडायला वेळ लागला.

किनारा म्हणजे गाळाचा उतार. पाणी पावसाळ्याअखेर चढतं आणि उन्हाळ्याकडे उतरत जातं. उतरताना मागे गाळ ठेवतं. वरून तो वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत घेतो. गुरं यात अडकून मेली आहेत. मित्राचे दोन चुलतभाऊ खाली उतरून आले होते. एकाच्या खांद्यावर जाड, जुना, हाताळून गुळगुळीत झालेला बांबू होता आणि दुसऱ्याच्या हातात चादर.

त्यांनी चादरीची दोन्ही टोकं बांबूला बांधली, झोळी केली, तिच्यात खोकं उभं बसवलं, बाजूंनी पाला खोचला. एक पुढे, एक मागे. मित्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनीला याच बांबूवर नेली होती."

दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये. रात्री कळा सुरू झाल्या. सकाळी वारा असा की होडी पाण्यात घालायला कुणी धजेना. नर्मदेवर तरंगता दवाखाना आहे, बोट-ॲम्ब्युलन्सही आहे, पण त्या दिवशी पाण्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. आठ जणांनी आळीपाळीने खांदा दिला आणि डोंगराच्या माथ्यावरून, पावसात, रस्त्यापर्यंत सात तास चालले. तिथून जीप. वहिनी वाचली. बाळ वाटेतच जन्मलं आणि गेलं. या झोळीला वर्तमानपत्रांनी 'बांबूलन्स' असं नाव ठेवलं आहे. मला तो शब्द लिहायला आवडत नाही. माणसं याला झोळी म्हणतात, आणि झोळी आली की गावात सगळे आपापलं काम टाकून उठतात.

चढ दीड तासाचा. मी खांदा मागितला. भावांनी आधी नको म्हटलं, मग दिला. बावीस किलोंपैकी माझ्या वाट्याला निम्मेच आले असतील. दोनशे पावलांनंतर बांबू खांद्याच्या हाडावर बसला. झोळी झुलते. पुढच्याचं पाऊल आणि मागच्याचं पाऊल जुळलं नाही तर ती अंगावर येते. निसरड्या जागी पुढचा थांबतो आणि सगळं वजन मागे येतं. पंधरा मिनिटांत मी बांबू परत केला. वाटेत मी एवढाच विचार करत होतो की झोळीतलं माणूस कण्हत असेल, रक्त जात असेल, तेव्हा हीच वाट कशी चालत असतील.

पोचलो तेव्हा पुरता अंधार झाला होता. घर सागाच्या खांबांचं, बांबूच्या कुडाचं, वर कौलं. मित्राच्या वडिलांनी खोक्याला हात लावून पाहिलं, सांडलं नाही ना ते बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बस भाऊ. पाय लांब कर." आईने गरम पाणी आणून दिलं. तिने माझ्या मांडीवरचा बॅटरीचा वळ कपड्यावरून ओळखला नसेल, पण मी बसताना कसा बसलो ते बघून तिने तेलाची वाटी पुढे सरकवली.

नव्या भगरीचा भात, उडदाची डाळ, मक्याची भाकर. बॅटरी जोडायची सकाळी ठरली, पॅनल उन्हात तपासून. तोवर चुलीचा उजेड. वडील जुनं सांगत होते. आधी काठाकाठाने वाट होती. नदी खाली होती, दोन्ही अंगाला शेतं, आणि पाण्याच्या कडेने माणूस गावामागून गाव चालत जायचा. त्या वाटेने ते मणिबेलीला शूलपाणेश्वराच्या जत्रेला गेलेले. ते देऊळ १९९४ मध्ये पाण्याखाली गेलं. पलीकडच्या काठावर, आज मध्य प्रदेशात आहे त्या गावात, त्यांची बहीण दिलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चालत पार करून दुपारच्या जेवणाला तिच्याकडे पोचायचे. परिक्रमावासी दारावरून जायचे, त्यांना मक्याचं पीठ द्यायचे. परिक्रमेच्या मराठी पुस्तकांत शूलपाणीच्या झाडीचं जे वर्णन येतं ती झाडी हीच. आता परिक्रमेची वाटही काठ सोडून लांबून वळते.

"जमिनीचा पंचनामा झाला," वडील म्हणाले. "घराचा झाला, झाडांचा झाला. वाटेचा कोणी केला?"

इतकी वर्षं मी नर्मदेवर वाचत आलो. धरणाच्या बाजूचं वाचलं, विरोधातलं वाचलं, जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पातून अंग काढून घेतलं तेव्हाच्या चर्चा वाचल्या. हे मात्र कुठे वाचलं नव्हतं. बुडीत म्हणजे एकरांत मोजायची गोष्ट, असं आपण धरून चाललो. इथे बुडाली ती जाण्यायेण्याची सोय. हा भाग पूर्वीही दुर्गम होता, पण दुर्गम असूनही तो आपसात जोडलेला होता. बहिणीचं घर, बाजार, वैदू, देऊळ, सगळं पायाच्या अंतरावर होतं. पाण्याने ती गावं एकमेकांपासून तोडली आणि डोंगरापलीकडून येणारा रस्ता अजून पोचायचा आहे. ज्या शासनाने वाट बुडवली त्याने वाट द्यायची असते. ही मागणी विकासाची नाही, भरपाईची आहे, आणि ती देय होऊन कित्येक वर्षं झाली.

सकाळी बॅटरी जोडली. तारा मित्रानेच लावल्या, चुलतभाऊ कौलांवर चढला. पोरं गोळा झाली. दिवसा दिवा लागला तो फारसा दिसला नाही, पण आईने बटण चार वेळा दाबून बघितलं. पावसाळ्यात मोबाइलही यावरच चार्ज होतील, आणि डोंगराच्या एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की लागणाऱ्या रेंजवरून धडगावला फोन करता येईल. वहिनी दारात उभी होती. बांबू वळचणीला खोचून ठेवताना तिने तिकडे पाहिलं नाही.

पुणे, नाशिक, मुंबईहून दिवाळीच्या सुट्टीत केवडियाला जाणाऱ्यांच्या गाड्या भरून निघतात. १८२ मीटरचा पुतळा बघायला आपली माणसं हौसेने जातात, जायलाही हवं. तिथे गेलात तर पुतळा बघून झाल्यावर धरणाजवळ थोडा वेळ थांबा आणि पाण्याच्या वरच्या अंगाला बघा. उजव्या हाताचा काठ पुढे महाराष्ट्राचा होतो. अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र, मणिबेली, त्याच काठावर आहे. त्याच पाण्यावर आणखी वर माझ्या मित्राचा पाडा आहे. जुलै ते सप्टेंबर तिथून दवाखान्यात जायला आजही बांबू, चादर आणि आठ माणसं लागतात.